मेंढरवाले घाटे सर

आमच्या कॉलेजात घाटे सरांना मेंढरवाले सर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं. नवीन पोरांना वाटायचं, सरांच्या घरी शेळ्यामेंढ्या असतील. कसल्या मेंढ्या! वडील तहसिलीत कारकून, आजोबा तहसिलीत कारकून, आणि पांढरकवड्याच्या त्या भाड्याच्या घराच्या अंगणात एका तुळशीशिवाय काही नाही. सरांची मेंढरं होती सातासमुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियातल्या एका ब्रिटिश वसाहतीत, आणि तीही राणीच्या राज्यात कधीच मरून गेलेली.

सरांनी पीएचडी केली होती ती तिथल्या एका निवडणुकीवर. एकोणिसाव्या शतकातली, वसाहतीच्या संसदेची, एका लहानशा गावातली निवडणूक. एका बाजूला हजारो मेंढरांचा मालक, दुसऱ्या बाजूला गावातला पाव भाजणारा. तेव्हा मतदान उघड असायचं. मतदारानं लाकडी मंचापुढं जायचं, सगळ्या गावादेखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारकुनानं ते लिहून घ्यायचं. ज्याला मत मिळालं तो उमेदवार तिथंच वाकून म्हणायचा, "आभारी आहे." शेजारच्या गुत्त्यात मेंढरवाल्याच्या खर्चानं रम वाटणं चालूच. अर्धं गाव मेंढरवाल्याकडं कामाला, उरलेलं त्याच्या उधारीवर. पाववाला पडला, हे सांगायला पीएचडी कशाला पाहिजे?

हे मी नाही म्हणत, तोंडी परीक्षेला आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी म्हटलं होतं. वर विचारलं, "तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. इथं विषय सापडला नाही का तुम्हाला?" सर म्हणाले, "साहेब, वाचायला लागलो तर ती माणसं ओळखीची निघाली." हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होते. सरांचा प्रबंध वरच्या फळीवर होता. तो कोणी नेला नाही. प्राचार्यांनी एकदा खिडकीचं तावदान वाऱ्यानं आपटतं म्हणून टेकण द्यायला मागितला होता. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा माझं डोकं न्या." तेवढ्यावर विषय मिटला.

घाटेकाकूंची तर वेगळीच कथा. "यांना आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण ते माहीत नाही. तिकडच्या पाववाल्याला सासरा काय म्हणायचा ते मात्र पाठ!" असं त्या हळदीकुंकवाला सगळ्या बायांसमोर सांगायच्या. सर बाजूला पेपर वाचत बसलेले असायचे. मान वर करून म्हणायचे, "सासरा त्याला गाढव म्हणायचा. तोही मेंढरवाल्याकडं होता ना कामाला."

सरांना बोलायची एक सवय होती. काहीही सांगा, ते आधी विचारणार, "कोण बघत होतं?" पोरगं म्हणालं, अमक्या राजानं शत्रूला माफ केलं. "कोण बघत होतं?" शिपाई म्हणाला, काच माझ्या हातून फुटली नाही. "हे सांगताना कोण बघत होतं?" त्यांचं म्हणणं असं, की माणूस काय बोलला हे नंतर लिहा. आधी तो कोणाच्या नजरेपुढं बोलला ते लिहा. निम्मा इतिहास तिथंच कळतो. स्टाफरूममध्ये तर या सवालाची टिंगलच झाली होती. कोणी डब्यातली दुसऱ्याची भाजी उचलली की बाकीचे ओरडायचे, "कोण बघत होतं?"

दुसरी सवय नमस्काराची. पहिल्या वर्षाचं पोरगं असो की झाडूवाली बाई, कोणी रामराम केला की सर हातातली पिशवी खाली ठेवायचे, छत्री काखेत धरायचे आणि दोन्ही हात जोडायचे. भर रस्त्यात, ट्रकच्या गर्दीत, कुठंही. एका हातानं सलाम ठोकून पुढं जाणं त्यांना जमलंच नाही. बाजारातून भाजी आणायला त्यांना इतका वेळ लागायचा, की काकूंनी शेवटी भाजीवालीलाच घरी बोलवायला सुरुवात केली.

दरवर्षी दिवाळीनंतर सर वर्गात ती निवडणूक लावायचे. मी ग्रंथालयाला कडी घालून बघायला जायची. दोन बाकं जोडून मंच. एक पोरगं मेंढरवाला, एक पाववाला. सर स्वतः कारकून, कानावर खडू. रमच्या जागी गुळाचे खडे, ते मेंढरवाल्यानं वाटायचे. मग एकेकानं पुढं येऊन मोठ्यानं मत द्यायचं. एका वर्षी सरांनी मुद्दाम एका मोठ्या शेतकऱ्याच्या पोराला मेंढरवाला केलं. त्याच वर्गात त्याच्या सालदाराचा पोरगाही होता. तो पुढं आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मेंढरवाला." मंचावरचं पोरगं वाकून म्हणालं, "आभारी आहे." सगळे खो खो हसले. सालदाराचं पोरगंही हसलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

मेंढरवाला धो धो मतांनी निवडून आला. मग सरांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, फळ्यामागं आडोसा केला आणि तेच मतदान पुन्हा घेतलं. चिठ्ठ्या मोजल्या, तर पाववाला! सरांनी सगळ्यांदेखत त्या चिठ्ठ्या बारीक फाडल्या आणि म्हणाले, "माणसं तीच, गूळ तोच. फक्त बघणारं कोणी नव्हतं. त्याच मुलखात पुढं छापील मतपत्रिका आली, आडोसा आला, आणि सगळ्या जगानं तो उचलला. तुम्ही शाई लावून येता ना, ती त्या पाववाल्याची कमाई आहे." सरांचा आवाज तेव्हा भरून यायचा. एका परक्या पाववाल्यासाठी गहिवरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी व्हरांड्यात शेवंता मडावी झाडू घेऊन उभी होती. ती आमच्या कॉलेजात झाडलोट करायची. माझ्याच माहेरगावची, हायवेला लागून असलेल्या गावची. तिनं सगळा तमाशा पाहिला. सर बाहेर आले तसं तिनं विचारलं, "सर जी, हे कागदावालं मतदान आमच्या गावात होते का? दुकान बंद कराले?"

दुकान म्हणजे देशी दारूचं. गावाच्या तोंडाशी, शाळेच्या वाटेवर. मालकाला सगळे शेठ म्हणत. त्याचाच हायवेवर ढाबा, त्याच्याच गाड्या. शेवंताचा नवरा उकंडा ढाब्यावर भांडी घासायचा. शेठ त्याला ढाब्यावर मजुरी द्यायचा आणि दुकानात परत घ्यायचा. घरी यायचा तो नुसता उकंडा, तोही कधी कधी दुसऱ्यांच्या खांद्यावर.

सर त्या प्रश्नानं असे काही उजळले, की बास! होतं तर! कायद्यातच आहे. गावातल्या बायांनी अर्ज करायचा, सरकार फक्त बायांचं मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू दे, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. आणि मतदान गुप्त. "वंदनाबाई," सर मला म्हणाले, "पाववाला उभा राहतोय. तुमच्या माहेरी!"

पुढचे काही महिने सर माझ्या माहेरगावी एवढे गेले, की माझी वहिनी म्हणायची, माहेर माझं की सरांचं? अर्ज, सह्या, अंगठे, पडताळणी, साहेबांच्या दारात थांबणं, सगळं केलं त्यांनी. बायांच्या बैठका समाजमंदिरात व्हायच्या. सुरुवातीला चारदोन यायच्या, मग ओसरीत जागा पुरेना. बाया भीत होत्या. ज्याच्या गाडीत आपला कापूस जातो, ज्याच्या ढाब्यावर आपला माणूस राबतो, त्याच्याविरुद्ध शिक्का मारायचा म्हणजे खेळ आहे का? माझी वहिनीच उठून म्हणाली, "सर, दारू तर आमालेबी नको. पण शेठले समजलं तर आमच्या घरचे आमालेच उभं जाळतीन ना!"

सर पिशवी ठेवून, हात जोडून म्हणाले, "बाई, कोणाला समजणार नाही. आडोशाच्या आत तुम्ही आणि बाटली. तुमच्या नवऱ्याला नाही, शेठला नाही, मला नाही. साक्षात देवाला समजणार नाही!"

"देवाले समजलं त चालते जी," शेवंता म्हणाली. बाया हसल्या. त्या हसण्यानंच त्यांची भीती गेली, हे मी डोळ्यानं पाहिलं. माझं लग्नामुळं त्या गावच्या यादीतून नाव गेलेलं. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

कायद्यात आणखी एक अट होती. आलेल्या मतांतली जास्त मतं मिळून भागत नाही. गावच्या यादीत जेवढ्या बाया, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. सरांनी ती अट वाचली होती, मलाही वाचून दाखवली होती. "म्हणजे जास्त बाया आणाव्या लागतील, एवढंच," असं म्हणून त्यांनी चहा बशीत ओतला. दुनियेला जो प्रश्न विचारत फिरायचे, तो त्यांनी तिथं विचारला नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. शाळेत सरकारी माणसं आली, पुठ्ठ्याचा आडोसा लागला, पेटीला सील लागलं. सगळं कसं नेमकं, सरांच्या प्रबंधातल्यासारखं. आम्हाला आत जायची परवानगी नव्हती, म्हणून सर आणि मी शाळेभोवतीच्या चुन्याच्या रेषेबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभे होतो. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, मुलीच्या लग्नातला.

वाटेच्या पलीकडं शेठनं मंडप टाकला होता. लहानसाच, चार खुर्च्या, चहाची किटली. शेठ मधल्या खुर्चीत. दमदाटी नाही, शिवी नाही, माणसं उभी केलेली नाहीत. पहिली शेवंता आली, लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. शेठ खुर्चीतून उठला, हात जोडले आणि सगळ्या वाटेला ऐकू जाईल असं म्हणाला, "रामराम, शेवंताबाई! आल्या का? बरं झालं, बरं झालं."

दुसरी आली. "रामराम, काकू! उकाडा लय आहे, सांभाळून." तिसरी आली. "रामराम, वहिनी! भाऊ आहे ना घरी?" प्रत्येकीला नावानं, नात्यानं, हसून. बंदोबस्ताचा पोलिस काय करणार? रामराम घालणं कोणत्या कायद्यात बसतं?

सर एकटक मंडपाकडं बघत राहिले. मला आधी वाटलं, ऊन लागलं. मग म्हणाले, "वंदनाबाई, ज्यांना दुकान हवं आहे, त्यांना यायची गरजच नाही. न येणं म्हणजेच उभी बाटली. मग जी येते ती कोण?"

माझ्याही डोक्यात तेव्हा उजेड पडला. आडोशाच्या आत काय केलं याला काही अर्थच नव्हता. घरातून निघून त्या वाटेवर पाय ठेवला, की मत उघड झालं. "हे उघडं मतदान आहे," सर म्हणाले. "तो तिथं बसून आभार मानतोय. मीच आणलं यांना इथं. मीच सांगितलं, कोणाला समजणार नाही." त्यांनी झाडाच्या खोडाला हात टेकला.

वाटेवरच्या बाया पातळ होत गेल्या. वळणापर्यंत यायच्या, मंडप बघायच्या, रामराम ऐकायच्या आणि हंडा विसरल्यासारखं करून परत फिरायच्या. मला राहवलं नाही. मी तरातरा माहेरच्या घरी गेले. वहिनी नवीन पातळ नेसून चुलीपुढं भाकरी थापत होती. नवीन पातळ नेसून भाकरी! दादा दारातच खाट टाकून बसलेला.

"वहिनी, चल," मी म्हटलं.

"तिची तब्येत बरी नाही," दादा म्हणाला.

"तब्येत बरी नाही अन् एवढी चळत थापून राह्यली?"

वहिनीनं मान वर केली नाही. दादाचा आवाज चढला. "हे पाय, मी पितो का? थेंब शिवत नाही मी. दुकान गेलं तर मी नारळ फोडीन. पण तूर शेठच्या गाडीत जाते माही. नाव कायले उघडं करायचं आपून? तुहे सर पेन्शन खात बसतीन पांढरकवड्यात. आमाले इथंच राहाचं आहे."

संताप संताप झाला माझा. वाटलं, खाटेसकट उलटा करावा. पण खरं सांगते, त्याच्या बोलण्यात खोटं काढायला मला जागा सापडेना, म्हणून आणखीच संताप झाला. वहिनीनं भाकरी उलटली. तिची बोटं तव्याला लागली, ती तिनं पाण्यात बुडवली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

संध्याकाळी मोजणी झाली. पेटीतून निघाल्या त्या जवळजवळ सगळ्या आडव्या बाटल्या. ज्या आल्या त्यांचं एवढं एकमत, तरी यादीच्या निम्म्याच्या कितीतरी खाली. दुकान राहिलं. साहेबांनी कागदावर सही केली, गाडीत बसले आणि गेले. दुकानावर त्या संध्याकाळी फुकट वाटली. सरांच्या प्रबंधात रमवर अख्खं प्रकरण होतं, त्याची मला आठवण झाली. परतीच्या रस्त्यावर सर जीपच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

उकंड्याचं ढाब्यावरचं काम दुसऱ्याच दिवशी गेलं. ज्या ज्या बाया त्या वाटेनं गेल्या, त्यांच्या घरच्यांना काही ना काही झळ बसलीच. कोणाच्या कापसाला गाडी मिळेना, कोणाची उधारी एकाएकी आठवली. सर शेवंताची वाट बघत कॉलेजच्या फाटकात उभे राहिले. ती आली. सरांनी पिशवी ठेवली, हात जोडले. तीच आधी बोलली. "सर जी, तुमी म्हनलं होतं, कोनाले समजन नाही."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती आपली आठवण करून दिल्यासारखं म्हणाली, झाडू उचलला आणि कामाला लागली. सर कितीतरी वेळ तिथंच उभे होते. तासाची घंटा झाली, पोरं त्यांना ओलांडून वर्गात गेली.

त्या वर्षी दिवाळीनंतर सरांनी वर्गात निवडणूक लावली, ती शेवटची. मंच झाला, गूळ वाटला, मेंढरवाला निवडून आला. पोरं चिठ्ठ्यांची वाट बघत होती. सरांनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला. एक मुलगी म्हणाली, "सर, आता फळ्यामागं ना?" सर म्हणाले, "नाही. झालं मतदान." आणि हजेरीपट घेऊन निघून गेले. मी दारात होते. मला त्यांचा राग आला, हेही सांगून टाकते. वाटलं, एवढ्या वर्षांचा पाववाला असा टाकायचा असतो का? पण म्हणायची हिंमत झाली नाही.

"कोण बघत होतं?" हे मात्र त्यांनी विचारणं सोडलं. पोरं मुद्दाम डिवचायची, सर नुसते हसायचे. स्टाफरूममधली टिंगलही मग आपोआप बंद झाली.

रिटायर झाल्यावर ते मुलीकडं नागपूरला जायला निघाले. काकू सामान घेऊन आधीच गेल्या होत्या. मी सरांना पोचवायला हायवेच्या थांब्यावर गेले. हातात तीच पिशवी, काखेत तीच छत्री. मी प्रबंध बांधून आणला होता, म्हटलं ग्रंथालयात तसाही कोणी वाचत नाही, न्या. "राहू द्या," म्हणाले, "तावदानाला लागेल." मला हसूही येईना आणि रडूही येईना.

तेवढ्यात शेठची गाडी येऊन समोरच्या पानठेल्याशी थांबली. काच खाली झाली. "रामराम, सर!" सगळ्या थांब्याला ऐकू जाईल असा तो आवाज. "चालले का? कधी कधी येत जा!"

सरांनी पिशवी खाली ठेवली नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रामराम ऐकून तसंच उभं राहिलेलं पाहिलं. शेठ हसला आणि पान लावायला सांगून तिथंच बसून राहिला.

मग गावाकडच्या बाजूनं शेवंता आली, कॉलेजला निघालेली. उकंड्याला मागच्या पोळ्याला शेठनं परत कामावर घेतलं होतं, त्याचे पाय धरल्यावर. सरांनी तिला लांबूनच पाहिलं. पिशवी खाली ठेवली, छत्री नीट काखेत धरली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "रामराम, शेवंताबाई."

शेवंताची नजर सरांवर आली. तिथून गाडीच्या उघड्या काचेवर गेली. तिनं पदर पुढं ओढला आणि न थांबता, न बोलता आमच्या अंगावरून निघून गेली.

मी तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर सरांनी मानेनंच नको म्हटलं. "हाक मारू नका, वंदनाबाई," ते हळूच म्हणाले. "तो बघतोय."

बस आली. कंडक्टर ओरडला, "नागपूर, नागपूर." सरांचे हात अजून जोडलेलेच होते, म्हणून खालची पिशवी मीच उचलून त्यांच्याकडं दिली.